व्हिडिओचा बिटरेट ठरवताना आधी अक्षता बघा

अंतरपाट खाली जातो, ‘शुभमंगल सावधान’चा शेवटचा सूर विरतो आणि तीन-चारशे माणसं एकाच वेळी मूठ उघडतात. लग्नाच्या दोन तासांच्या चित्रीकरणातले हे जेमतेम दहा सेकंद. घरची माणसं पुढे वर्षानुवर्षं मागे-पुढे करून बघतात ते हेच, आणि व्हिडिओ फाटतो तोही नेमका इथेच. नवरीचा चेहरा चौकोन-चौकोन होतो, शालूची जर पुसली जाते, केशरी अक्षतांच्या जागी चिखलासारखे डाग पसरतात. दोन सेकंदांनी सगळं पुन्हा स्वच्छ.

कॅमेरा चांगला असतो, लाइट चांगले असतात. चूक असते ती एक्स्पोर्टच्या खिडकीत, बिटरेटच्या रकान्यात. ती मीही केली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका लग्नाची फुल एचडी फाइल मी ४ एमबीपीएसला काढून दिली, कारण हाती लागलेल्या एका तक्त्यात तेवढा पुरतो असं लिहिलं होतं. वधूच्या वडिलांनी टीव्हीवर बरोब्बर त्या ठिकाणी व्हिडिओ थांबवून मला दाखवला. ते काही बोलले नाहीत. तोवर मूळ फूटेज हार्ड डिस्कवरून पुसून झालं होतं. त्यांच्यासाठी मला काहीच करता आलं नाही. तुमच्याकडून तसं होऊ नये म्हणून बिटरेट ठरवायची माझी सगळी रीत इथे क्रमाने लिहितो आहे.

सेकंदाला किती बिट

बिटरेट म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदासाठी खर्च होणारे बिट. तो एमबीपीएसमध्ये मोजतात, १ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी. तोंडी हिशेबासाठी एवढंच पाठ करा: १ एमबीपीएस तासाला ४५० एमबी खातो. मग ८ एमबीपीएसचा एक तास म्हणजे ३,६०० एमबी, आणि २ एमबीपीएसचा एक तास म्हणजे ९०० एमबी.

या हिशेबात कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) येत नाही, रिझोल्यूशन (चित्रातल्या पिक्सेलांची संख्या) येत नाही. फाइल किती मोठी होणार हे फक्त बिटरेट आणि लांबी ठरवतात. ‘७२०पी केलं की फाइल लहान होते’ असं सर्रास म्हटलं जातं, पण ८ एमबीपीएसचा ७२०पी व्हिडिओ आणि ८ एमबीपीएसचा १०८०पी (फुल एचडी) व्हिडिओ यांची फाइल सारखीच भरते. ७२०पीला कमी बिटरेट चालून जातो, म्हणून ती लहान ठेवता येते इतकंच.

आता दुसऱ्या टोकाचा आकडा बघा. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. नेहमीच्या ८ बिट रंगपद्धतीत प्रत्येक पिक्सेलमागे सरासरी दीड बाइट लागतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर काहीही न दाबलेला व्हिडिओ ६२२ एमबीपीएस होतो. तो आपण ८ मध्ये बसवतो, म्हणजे मूळ माहितीच्या जवळजवळ अठ्ठ्याहत्तर पट कमी जागेत. एवढी काटकसर जमते, कारण एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम, प्रत्येक फ्रेम नव्याने लिहीत नाही. मागच्या फ्रेममधला कुठला तुकडा कुठे सरकला तेवढंच तो नोंदवतो आणि उरलेला फरक लिहितो.

म्हणूनच कीर्तन एन्कोडरला सोपं जातं. कॅमेरा तिवईवर, मागे विठ्ठल-रखुमाईचा पडदा जागच्या जागी, बुवा दोन पावलं पुढे-मागे, टाळकरी मागच्या ओळीत. फ्रेमचा बहुतेक भाग मागच्यासारखाच, तो उचलायचा आणि पुढे ठेवायचा. अक्षतांत उचलण्यासारखं काही नसतं. हजारो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, वेग वेगळा. या फ्रेममधला दाणा पुढच्या फ्रेममध्ये कुणाच्या तरी फेट्यावर. त्यात फ्लॅश उडतात आणि एका फ्रेमपुरतं सगळं चित्र पांढरं होतं. गुलाल, जेजुरीचा भंडारा, पावसातली दिंडी, ढोल-ताशा पथकाचा फिरता ध्वज, धबधबा हे सगळं त्याच जातीचं. त्याच कॅमेऱ्याच्या, त्याच रिझोल्यूशनच्या दोन चित्रणांना लागणाऱ्या बिटरेटमध्ये चार-पाच पटींचा फरक सहज पडतो. ‘१०८०पीला अमुक’ असं सांगणाऱ्या तक्त्याला तुमच्या चित्रात काय चाललंय हे माहीत नसतं.

पहिली पायरी: फाइल कुठे चालणार आहे

एन्कोडरला हात लावायच्या आधी हे कागदावर लिहून काढा. मला लागणारी उत्तरं साधारण चार असतात. फाइल घरी टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बघणार. यूट्यूबवर चढवणार. ठरलेल्या जागेत बसवायची आहे, म्हणजे डीव्हीडी किंवा फाइलच्या आकारावर मर्यादा असलेला पेनड्राइव्ह. किंवा थेट प्रक्षेपण करायचं आहे.

पहिल्या दोन्हींत आकाराचं बंधन नसतं, म्हणून तिथे बिटरेट ठरवूच नका. दर्जा ठरवा, बिटरेट आपोआप निघतो. उरलेल्या दोन्हींत मात्र बंधन बाहेरून आलेलं असतं आणि तिथे हिशेब करूनच आकडा काढावा लागतो. हा फरक एकदा नीट बसला की पुढचं बरंच सोपं होतं.

दुसरी पायरी: मूळ फाइल तपासा

मीडियाइन्फो नावाचा छोटा, फुकट प्रोग्राम घ्या आणि फूटेजची फाइल त्यात टाका. कोडेक, बिटरेट, फ्रेमरेट, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी बनणारं चित्र) की प्रोग्रेसिव्ह (सलग पूर्ण चित्र) हे सगळं तो सांगतो. व्हीएलसीतही ‘कोडेक माहिती’त हे दिसतं, पण मीडियाइन्फो जास्त खोलात जातो.

पहिली गोष्ट, मुळात जे नाही ते बिटरेट वाढवून येत नाही. नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवरून पाठवलेली क्लिप आधीच दाबलेली असते. ती २० एमबीपीएसला काढली तर फुटलेले चौकोन जसेच्या तसे, फक्त जास्त जागा घेऊन साठवले जातात. अशी क्लिप हवी असेल तर ज्यांनी काढली त्यांच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा. तशी पाठवली की व्हॉट्सॲप ती दाबत नाही, आणि २ जीबीपर्यंतची फाइल जाते.

दुसरी गोष्ट फ्रेमरेट. आपल्याकडचे बहुतेक व्हिडिओ कॅमेरे २५ किंवा ५० वर लावलेले असतात, फोन ३० वर आणि तोही मागेपुढे होणारा. प्रोजेक्ट कॅमेऱ्याच्या फ्रेमरेटवर ठेवा आणि एन्कोड करताना तो बदलू नका. २५चे ३० केले तर सेकंदाला पाच फ्रेम जास्तीच्या घालाव्या लागतात आणि वरात झटके खात चालते.

कोडेकबद्दल फार लांबण लावत नाही. एच.२६४चं मानक २००३ मध्ये आलं आणि आज ते जवळपास सगळीकडे चालतं. एचईव्हीसी २०१३चं, एव्ही१ २०१८चं. नवा कोडेक तेवढाच दर्जा बऱ्याच कमी बिटरेटमध्ये देतो, एचईव्हीसीच्या बाबतीत साधारण एक तृतीयांश ते निम्मी बचत होते. पण दहा वर्षांपूर्वीच्या टीव्हीने ती फाइल उघडलीच नाही तर त्या बचतीचा उपयोग नाही. दुसऱ्याला द्यायची फाइल मी एच.२६४मध्येच काढतो. स्वतःच्या संग्रहासाठी एचईव्हीसी.

तिसरी पायरी: सगळ्यात अवघड तीस सेकंद शोधा

सगळ्या लेखात हा भाग महत्त्वाचा आहे. टाइमलाइनवर जा आणि जिथे सर्वांत जास्त धुमाळी आहे अशी तीस सेकंद निवडा: लग्नात अक्षता, मिरवणुकीत गुलाल, नाटकात अंधारातून प्रकाश फुटतो तो प्रवेश. त्याच्या सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहून ठेवा. मग अगदी शांत तीस सेकंद निवडा, जिथे गुरुजी मंत्र म्हणताहेत आणि कुणी हलत नाही. त्याचीही वेळ लिहा.

अंधाऱ्या भागाकडे दुर्लक्ष करू नका. धुमाळीत चौकोन दिसतात, तर अंधारात पट्टे. मांडवामागचा गडद निळा पडदा जिथे हळूहळू काळ्यात मिसळतो तिथे एकसंध छटेऐवजी नकाशातल्या रेषांसारखे पट्टे पडतात, आणि मोठ्या टीव्हीवर ते फार खुपतात. तुमच्या चित्रणात असा प्रसंग असेल तर तो तिसरा नमुना.

या चाचण्या करायच्या आधी एडिटिंगच्या प्रोग्राममधून एक मास्टर, म्हणजे पुढच्या सगळ्या फाइलींची मूळ प्रत, काढा. जागा असेल तर प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर या कमी दाबणाऱ्या कोडेकमध्ये. प्रोरेस ४२२ फुल एचडी २५ फ्रेमला सुमारे १२२ एमबीपीएस घेतो, म्हणजे तासाला ५५ जीबी. एवढी जागा नसेल तर एच.२६४, ५० एमबीपीएस. तासाला साडेबावीस जीबी. पुढच्या सगळ्या फाइली याच मास्टरवरून काढायच्या, एकीवरून दुसरी कधीच नाही. दाबलेलं पुन्हा दाबलं की आधीच्या चौकोनांच्या कडा एन्कोडरला बारकावे वाटतात आणि तो त्या जपण्यात बिट घालवतो.

चौथी पायरी: हँडब्रेकमध्ये चाचणी

हँडब्रेक हा एन्कोड करायचा प्रोग्राम फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. मास्टर त्यात उघडा. वर ‘रेंज’च्या रकान्यात ‘सेकंद’ निवडा आणि अक्षतांची वेळ भरा, म्हणजे तेवढेच तीस सेकंद एन्कोड होतील. दोन तासांचा व्हिडिओ पुन्हापुन्हा काढत बसावं लागत नाही.

‘व्हिडिओ’ टॅबवर एन्कोडर एच.२६४, म्हणजे एक्स२६४, ठेवा. फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’ आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट’. आता दर्जाच्या ठिकाणी दोन पर्याय दिसतात, ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ आणि ‘ॲव्हरेज बिटरेट’. पहिला निवडा. त्याच्या पट्टीवर आरएफ नावाचा आकडा असतो. हा आकडा जितका कमी तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. सुरुवातीला उलटं वाटतं, पण हात बसतो. साधारण सहा अंकांनी खाली आलात की बिटरेट दुप्पट होतो, सहा अंकांनी वर गेलात की निम्मा.

हँडब्रेक बनवणारे स्वतः १०८०पीसाठी २० ते २४, ७२०पीसाठी १९ ते २३, जुन्या ५७६ ओळींच्या चित्रासाठी १८ ते २२ आणि ४केसाठी २२ ते २८ सुचवतात. चित्र जितकं मोठं तितका जास्त आकडा चालतो, कारण ४केमधला एक पिक्सेल पडद्यावर इतका बारीक असतो की त्यातली थोडी चूक डोळ्याला कळत नाही. हे आकडे एका एन्कोडरपुरतेच खरे. एक्स२६४चा २० आणि एक्स२६५चा २० यांचा अर्थ सारखा नाही, म्हणून कोडेक बदलला की चाचणी नव्याने करा.

अक्षतांचे तीस सेकंद १८, २० आणि २२ वर काढा. फाइलच्या नावात आकडा घाला, नाहीतर तासाभराने कुठली कुठली ते कळत नाही. शांत भागाचेही तिन्ही काढा.

‘प्रीसेट’ची पट्टी ‘मीडियम’ किंवा ‘स्लो’वर ठेवा. प्रीसेट म्हणजे एन्कोडरने विचार करायला किती वेळ घ्यायचा. ‘स्लो’वर तो सरकलेला तुकडा जास्त नेटाने शोधतो आणि तेवढ्याच बिटांत जास्त मावतं. त्याहून खाली, ‘व्हेरी स्लो’ला गेल्यावर मिळणारा फायदा तितक्या वेळाच्या मोलाचा मला कधी वाटला नाही. ग्राफिक्स कार्डवरचे एन्कोडर, एनव्हीडियाचा एनव्हेंक किंवा इंटेलचा क्विकसिंक, फार वेगाने काम करतात. घाईत रशेस (कच्चं चित्रण) दाखवायला उत्तम, पण तेवढ्या दर्जासाठी सहसा जास्त बिट मागतात. लग्नाची अखेरची फाइल मी रात्री एक्स२६४वर लावतो आणि सकाळी घेतो.

पाचवी पायरी: बघायचं कसं

चाचणीच्या फाइली एडिटिंगच्या मॉनिटरवर फ्रेम थांबवून बघू नका, निदान सुरुवातीला तरी. पेनड्राइव्हवर घ्या, घरच्या टीव्हीला लावा आणि नेहमी बसता तिथे बसून बघा. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर २४ आणि १८ सारखेच दिसतात. बेचाळीस इंची टीव्हीवर तसे सारखे दिसत नाहीत.

माझी नजर ठरलेल्या जागी जाते. अक्षता पडताना नवरीच्या गालाची त्वचा: ती प्लास्टिकसारखी गुळगुळीत झाली तर बिट कमी पडले. शालूच्या काठातली जर: बुट्ट्या वेगवेगळ्या दिसतात की सोनेरी पट्टा होतो. गर्दीतले मागचे चेहरे. फुलांच्या माळांमधला शेवंतीच्या पाकळ्यांचा पोत. आणि अक्षता संपल्यानंतरचा पहिला सेकंद, कारण चित्र हळूहळू सावरत असेल तर एन्कोडरची दमछाक झाली होती हे तिथे उघड होतं. २२ आणि २० मध्ये फरक कळला नाही तर २२ घ्या. कळला तर २० आणि १८ची तुलना करा. ज्या आकड्यापुढे फरक दिसेनासा होतो तो तुमचा आकडा.

इथे एक बारकावा. कॉन्स्टंट क्वालिटी म्हटलं तरी एक्स२६४ वेगवान हालचालीच्या फ्रेमना मुद्दाम किंचित कमी दर्जा देतो, कारण झपाट्याने हलणाऱ्या गोष्टीत डोळा बारकावे टिपत नाही. क्रिकेटच्या चेंडूला हे लागू पडतं. अक्षतांत मात्र हलतात ते दाणे आणि स्थिर असतो तो चेहरा, ज्याच्याकडे सगळे बघताहेत. म्हणून नेहमीच्या कामात २२ पुरतो तिथे लग्नाला मी २० धरतो.

अंधारातले पट्टे आरएफ कमी करून फारसे जात नाहीत. एक्स२६४च्या प्रगत पर्यायांत ‘एक्यू-मोड’ ३ केला तर गडद भागांकडे जास्त बिट वळतात आणि बराच फरक पडतो. एचईव्हीसी चालणार असेल तर त्याचा १० बिट प्रकार घ्या. पट्टे आवरायला तो अधिक भरवशाचा.

आकडा पक्का झाला की चाचणीच्या फाइली मीडियाइन्फोत टाकून त्यांचा बिटरेट वाचा. शांत भाग दोन-तीन एमबीपीएस आणि अक्षता त्याच्या कितीतरी पट, असं चित्र दिसेल. पूर्ण फाइलची सरासरी कदाचित ५-६च येईल. मी त्या लग्नाला दिलेल्या ४पासून ही सरासरी फार लांब नाही. पण माझ्या एक्स्पोर्टच्या खिडकीत तेव्हा ‘सीबीआर’ (सगळीकडे एकच बिटरेट) निवडलेलं होतं, म्हणजे गुरुजींच्या मंत्रालाही चार आणि अक्षतांनाही चारच. बिट होते, ते वाटले चुकीचे गेले.

एक खबरदारी राहते. पेनड्राइव्हवरून वाचणारा जुना टीव्ही अचानक उसळलेल्या बिटरेटला अडखळतो. त्यासाठी हँडब्रेकमध्ये ‘प्रोफाइल’ हाय आणि ‘लेव्हल’ ४.० निवडा. या लेव्हलला कमाल २५ एमबीपीएसची मर्यादा आहे, हँडब्रेक ती पाळतो आणि फुल एचडी २५ फ्रेमच्या अक्षतांना तेवढं पुरतं. ५० फ्रेमच्या चित्रणाला मात्र ही लेव्हल पुरत नाही, तिथे ४.२ लागते.

जागा ठरलेली असेल तेव्हा

डीव्हीडी मागणारी घरं अजून आहेत, विशेषतः आजी-आजोबांसाठी. एकथरी डीव्हीडीत ४.७ जीबी, म्हणजे ४,७०० एमबी मावतात. मेन्यू आणि इतर गोष्टींसाठी थोडं सोडून ४,५०० धरा. लग्न २ तास १० मिनिटांचं, म्हणजे ७,८०० सेकंद. ४,५०० गुणिले ८ भागिले ७,८०० केलं की ४.६ एमबीपीएस येतात. त्यातून आवाजाचे २२४ केबीपीएस, म्हणजे साधारण ०.२२ एमबीपीएस, वजा करा. चित्राला सरासरी ४.४ उरतात. डीव्हीडीचा कोडेक जुना एमपेग-२, पण चित्रही ७२० गुणिले ५७६च, त्यामुळे हे पुरतं. डीव्हीडीच्या नियमात चित्राला कमाल ९.८ एमबीपीएस चालतात. घरी भाजलेल्या डिस्कवर जुने प्लेअर तिथे अडखळू शकतात, म्हणून मी कमाल ८वर ठेवतो.

फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हचंही असंच. त्यावर एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. ४,००० एमबीत तेच लग्न बसवायचं तर एकूण ४.१ एमबीपीएस मिळतात आणि फुल एचडी अक्षतांची ओढाताण होते. इथे बिटरेट दाबण्याऐवजी व्हिडिओचे दोन भाग करा. मंगलाष्टकांच्या आधी तोडा. लग्नाला तिथे तशीही नैसर्गिक विश्रांती असते. टीव्ही एक्सफॅट वाचत असेल तर पेनड्राइव्ह तसा फॉरमॅट करून प्रश्नच मिटवा. दोन्ही जमत नसेल तर ७२०पी करा. ४ एमबीपीएसमध्ये स्वच्छ ७२०पी हे फुटलेल्या १०८०पीपेक्षा केव्हाही बरं.

ठरलेल्या आकारासाठी ‘ॲव्हरेज बिटरेट’ निवडा, पण त्याखालचं ‘मल्टी-पास’ नक्की लावा. पहिल्या फेरीत एन्कोडर सगळा व्हिडिओ नुसता तपासतो, कुठे अक्षता आणि कुठे मंत्र ते टिपतो. दुसऱ्या फेरीत त्या टिपणावरून बिट वाटतो. एकाच फेरीत काढलं तर पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक नसतं आणि वाटणी अंदाजाने होते.

यूट्यूब

यूट्यूबवर तुमची फाइल प्रेक्षकांपर्यंत कधीच जात नाही. यूट्यूब ती उघडतो आणि स्वतःच्या हिशेबाने पुन्हा एन्कोड करतो. त्यामुळे त्याला शक्य तितकं चांगलं चित्र देणं एवढंच आपल्या हातात. यूट्यूबच्या स्वतःच्या शिफारशीत ३० फ्रेमपर्यंतच्या १०८०पीला ८ एमबीपीएस, ७२०पीला ५, ४केला ३५ ते ४५. ५०-६० फ्रेम असतील तर १०८०पीला १२ आणि ४केला ५३ ते ६८ असे आकडे आहेत. मी ते तळ मानतो, कमाल नव्हे. आरएफ १६ किंवा १७ वर काढा आणि बिटरेट येईल तो येऊ द्या. अडचण होते ती अपलोडची: खेड्यातल्या ४जीवर १५ जीबी चढवणं हे रात्रभराचं काम आहे. तेवढा वेळ नसेल तर १८पर्यंत या, त्यापुढे नको.

थेट प्रक्षेपण

सप्ताहातलं कीर्तन लाइव्ह दाखवायचं असेल तर सगळा विचार उलटा होतो. इथे चित्र काय मागतं याआधी लाइन काय देते ते बघावं लागतं. ज्या जागी बसणार तिथेच, ज्या वेळी कार्यक्रम आहे त्याच वेळी अपलोडचा वेग मोजा. सकाळी रिकाम्या मंडपात ८ एमबीपीएस मिळाले म्हणून खूश होऊ नका. संध्याकाळी दोन हजार फोन त्याच टॉवरवर असतात. संध्याकाळच्या आकड्याचे साठ टक्के घ्या. ५ मिळत असतील तर ३, आणि ३ एमबीपीएसला ७२०पी. ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या प्रोग्राममध्ये इथे सीबीआरच निवडा, कीफ्रेम (पूर्ण नव्याने लिहिलेली फ्रेम) २ सेकंदांवर ठेवा. कीर्तन सोपं चित्र आहे, ३मध्ये सुरेख दिसतं. शेवटी दहीहंडी किंवा काल्याचा गुलाल असेल तर कॅमेरा मागे घेऊन विस्तृत फ्रेम धरा, म्हणजे बुवांचा चेहरा चौकोनात जात नाही.

जुन्या व्हीएचएस कॅसेटी

ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या कॅसेटी घरोघरी कपाटात पडल्या आहेत. कुणी डिजिटल करायला आणून दिल्या की मला फार आनंद होतो, कारण त्यातली अर्धी माणसं आज नसतात.

यांत बिटरेट खाणारी गोष्ट म्हणजे खरखर. टेपवरचे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतात, म्हणजे एन्कोडरच्या दृष्टीने पूर्ण कॅसेटभर अक्षताच पडत असतात. म्हणून चित्र लहान असूनही आरएफ १८वर बिटरेट अनपेक्षित चढतो. हँडब्रेकच्या ‘फिल्टर’ टॅबवर ‘डीनॉइज’ अगदी हलका लावा. जास्त लावलात तर नऊवारीचा पोत आणि आजोबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या खरखरीबरोबर धुऊन निघतात. मी लावून बघतो, मग एक पायरी कमी करतो.

कॅसेटचं चित्र इंटरलेस्ड असतं, हालचालीत कंगव्यासारख्या रेघा दिसतात. त्याच टॅबवर ‘डीइंटरलेस’ला ‘बॉब’ निवडा, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम होतात आणि हालचाल मूळ टीव्हीसारखी वाहती राहते. चित्राच्या तळाशी फाटलेली, थरथरणारी पट्टी दिसेल. ती टीव्हीच्या चौकटीआड लपायची, आता उघडी पडते. खालच्या आठ-दहा ओळी कापून टाका. ती पट्टी क्षणभरही स्थिर नसते आणि फुकटचे बिट खात राहते.

आवाजाला हात आखडू नका. दोन चॅनेलला एएसी १९२ केबीपीएस दिले तरी दोन तासांत पावणेदोनशे एमबी होतात. गायन किंवा सनई असेल तर २५६. यूट्यूबला ३८४.

आणि मास्टर. काम दिलं, पैसे मिळाले, डिस्क भरली, म्हणून तो पुसू नका. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, फाइलच्या नावात तारीख आणि गाव घाला, आणि कुटुंबाने फाइल पूर्ण बघून कळवेपर्यंत कॅमेऱ्याच्या कार्डांवरचं मूळ फूटेजही तसंच राहू द्या. मी फाइल देतो तेव्हा आता एवढंच सांगतो की आधी अक्षता लावून बघा. तिथे काही खुपलं तर त्याच रात्री दुसरी काढून देता येते.